बिलं आहेत का लाइनवर?

आमच्या ऑफिसच्या मागच्या भिंतीवर टेलिफोनच्या वायरींचा एक जुडगा होता. नवी लाइन ओढली की जुनी कोणी काढत नसे. "असू द्या, काही खायला मागून राहिली का ती?" असं म्हणत लाइनमन नवी वायर जुन्यांवरच ठोकून जायचा. होता होता जुडगा मनगटाएवढा झाला. त्यातली जिवंत कोणती आणि डेड कोणती, हे हात लावल्याशिवाय कळत नसे. किस्स्यांचंही तसंच आहे.

परवा ऑफिसातली जुनी मंडळी आणि लाइनमन गुलाबराव घरी येऊन गेले. मालती गेल्यापासून येतात अधूनमधून. मला एका जागी बसवत नाही. मी चहा ठेवायला उठलो, साखर राहिली म्हणून पुन्हा उठलो, पंखा कमी करायला उठलो, मग वाढवायला उठलो. शेवटी आमचा जुना चपराशी शंकर म्हणाला, "बसा न बाबूजी एका जागी! बाईच्या बोर्डाची एखादी गोष्ट काढू."

कोणीतरी जुडग्याला हात लावला आणि वायर जिवंत निघाली.

आमची कंपनी सावनेरच्या खाणीतला कोळसा ट्रकांनी पोचवायची. ऑफिस नागपुरात, बर्डीवर. बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या दोन लाइनी, आत टेबलाटेबलावर फोन, आणि या सगळ्यांच्या मध्ये टेलिफोनचा बोर्ड. त्या बोर्डावर माझी बायको मालती बसायची. मी पार्टिशनच्या अलीकडे बिलं करायचो. आमच्याकडे नंबर कोणालाच पाठ नव्हता. फोन उचलायचा आणि नाव घ्यायचं, "देशपांडे द्या", "केबिन द्या". नावाचं भोक कुठलं, ते मालती बघायची आणि दोरीची खुंटी त्यात खोचायची.

*

लाइन बिघडली की गुलाबराव लाइनमन यायचा. मीटर होतं त्याच्याकडे, पण ते सायकलच्या पिशवीत. वायर जिवंत आहे की नाही हे तो जिभेने बघायचा! दोन्ही टोकं जिभेला लावायची, झिणझिण्या आल्या की म्हणायचं, "आहे, जीव आहे."

एकदा साहेबांना मुंबईच्या कॉलची घाई होती. साहेब केबिनमधून बाहेर, बाहेरून आत, पुन्हा बाहेर. "गुलाबराव, अजून किती वेळ?"

"लाइन चांगली आहे साहेब. बोर्डात फॉल्ट आहे."

"कशावरून चांगली?"

"या, चाखून पाहा!"

साहेब हट्टी. खरंच वाकले आणि जीभ लावली. त्याच क्षणी ते असे उडाले की पाठीमागचं स्टूल आडवं झालं. चष्मा एका कानावर लोंबत होता. गुलाबरावाने शांतपणे वायर हातात घेतली आणि म्हणाला, "मुंबईवाले घंटी देऊन राहिले, साहेब!"

*

माणसं बदलायची, पण भोकांची नावं बदलायची नाहीत. देशपांडे रिटायर झाले आणि त्यांच्या टेबलावर ठाकरे आले. सावनेरहून, काटोलहून सगळे मागायचे "देशपांडे द्या", आणि मालती ठाकऱ्यांना जोडायची. ठाकरे चिडायचे. त्यांनी साहेबांकडे तक्रार केली. आल्या-गेल्याला बजावलं. सावनेरच्या ऑफिसातल्या बापूरावांना तर फोनवर ओरडून सांगितलं, "मी ठाकरे! ठाकरे!" बापूराव म्हणाले, "हो हो, समजलं. मग देशपांड्याले द्या न आता."

एक दिवस ठाकरे पार्टिशनवरून मालतीवर गरजले, "बाई, आज पुन्हा कोणी देशपांडे मागितला तर फोन कापून टाकायचा. सरळ कापायचा!"

मालतीने मान हलवली. थोड्या वेळाने फोन आला, तिने ऐकला आणि कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने पार्टिशनवरून विचारलं, "कापू का? तुमच्या घरून आहे."

ठाकरे धावत फोनवर गेले. पलीकडे त्यांची बायको होती, वाण्याच्या दुकानातून बोलत होती. "अगं, तू काहून देशपांडे मागून राहिली?"

तिचं उत्तर अख्ख्या ऑफिसने ऐकलं, कारण ती दुकानातून बोलल्यासारखंच बोलत होती. "मग काय करू? तुमचं नाव घेता येते का मले? त्यांचं घेता येते!"

त्या दिवसापासून ठाकऱ्यांनी तक्रार सोडली.

*

आमच्या घरीही तेच होतं. मालती दिवसभर बोर्डावर सगळ्या जगाची नावं घ्यायची. फक्त माझं घ्यायची नाही. माझं नाव वसंत. माझ्या टेबलाला तिने "बिलं" असं नाव ठेवलं आणि मग सगळेच मला बिलं म्हणायला लागले. "बिलं जेवायला गेले का?" "बिलं आज सुट्टीवर आहेत."

हे चाललं असतं. पण साहेबांचं नावही वसंतराव!

त्या काळी पीपी कॉल असायचा. ठरावीक माणूस लाइनवर असला तरच ट्रंकची ऑपरेटर कॉल जोडायची, आणि त्याआधी नाव विचारून खात्री करून घ्यायची. त्यावर मालतीने तोड काढली होती. बोर्डाच्या बाजूला स्टूल, स्टुलावर शंकर. नाव सांगायची वेळ आली की ती बाजूला व्हायची, शंकर वाकून माउथपीसमध्ये "वसंतराव!" असं ओरडायचा आणि पुन्हा बसायचा.

एकदा शंकर धानकापणीला कुहीकडे आपल्या गावी गेला, आणि नेमका मुंबईचा पीपी आला.

"पार्टीचं नाव कन्फर्म करा," ट्रंकवाली म्हणाली.

"तेच," मालती म्हणाली.

"तेच म्हणजे कोण?"

"तुम्ही आत्ता म्हणाल्या न, ते."

"मॅडम, नाव बोला."

"तुम्हीच बोला न पुन्हा. मी हो म्हणते."

कॉल कटला. साहेब केबिनमधून बाहेर आले, कपाळावरच्या शिरा तट्ट. "मालतीबाई! माझं नाव घ्यायला काय होतं तुम्हाला? मी काय तुमचा नवरा आहे?"

टाइपरायटर थांबले. मी बिलात डोकं घातलं.

मालती म्हणाली, "तुम्ही नाही, साहेब. पण नाव त्यांचं आहे न!"

*

मे महिन्यात वेगळाच घोळ सुरू झाला. दुपार झाली की दोन्ही लाइनी डेड. संध्याकाळी आपोआप सुरू. गुलाबराव खांबावर चढला, एक्सचेंजपर्यंत जाऊन आला, जीभ लावून लावून थकला. सकाळी आला की सगळं ठीक. दुपारी बोलवावं तर म्हणायचा, "एवढ्या उन्हात माणूस मरते, लाइनीचं काय घेऊन बसले!"

साहेबांनी एकदा त्याला सकाळीच पकडून बसवून ठेवलं. बसून बसून तो कंटाळला आणि भिंतीपाशी जुडग्याखाली सतरंजी टाकून आडवा झाला. दुपारी एकदम उठून बसला. मान चोळत म्हणाला, "मायबाप, थंड काहून लागून राहिलं?"

वर खिडकीत खसचा कूलर. शंकर दुपारी त्यात बादलीने पाणी ओतायचा. टाकी गळकी. थेंब ओघळत ओघळत जायचा तो थेट वायरींच्या जोडांच्या डब्यात!

"डबा हलवायचा तर वरून ऑर्डर पाहिजे," गुलाबराव म्हणाला. "तोवर एक तर कूलर चालवा, नाही तर फोन."

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी घाम पुसला. एकदा फोनकडे पाहिलं, एकदा कूलरकडे. मग म्हणाले, "दुपारी तसंही फोन कोण करते? शंकर, बादली आण!"

*

मी मालतीला घरी छेडायचो, "एकदा घे न नाव. इथे कोण ऐकते?"

"लग्नात घेतलं होतं न उखाण्यात."

"तेव्हा बँड वाजत होता. मला ऐकूच आलं नाही."

"मग त्याले मी काय करू?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात जायची.

ही माझी थट्टाच होती, पण पुरती थट्टा नव्हती. दुसऱ्या कोणाचंही नाव ती किती नीट घ्यायची! सावनेरच्या बापूरावांना "बापूराव, थांबा हं" म्हणायची तेव्हा मला बापूरावांचा हेवा वाटायचा. एकदा तिच्या तोंडून माझं नाव ऐकावं, एवढंच मनात होतं. घाई नव्हती. आयुष्य पडलं होतं.

*

परवा हे सगळं बोलून झालं. चहा पिऊन झाला. मंडळी उठायला लागली तेव्हा शंकर बसूनच राहिला. म्हणाला, "बाबूजी, एक राहिली. बाईनं सांगू नका म्हटलं होतं. आता सांगतो."

मी सावनेरला बिलांवर सह्या घ्यायला गेलो होतो, त्या दिवसाची गोष्ट. कंपनीच्या जीपने मला तिथे सोडलं आणि ती परत निघाली. दुपारी एका ट्रक ड्रायव्हरने ऑफिसात येऊन सांगितलं, जीप पुलावरून खाली कोसळली. आत कोण होतं त्याला माहीत नव्हतं. ऑफिसला एवढंच माहीत, सकाळी जीपमध्ये बिलं बसले होते.

"साहेबानं फोन लावा म्हटलं," शंकर सांगत होता, "अन् सावनेरची लाइन डेड! गुलाबराव मागच्या भिंतीशी वायरा उपसून राहिला. बाई खुंट्या काढून राहिली, खोचून राहिली. मंग काटोलकडून फिरवून मागितला. साधा नाही मागितला, बाबूजी. पीपी मागितला."

"पीपी कशाला?"

"तिले दुसरा कोणी लाइनवर नको होता न." शंकरने पायातली चप्पल सरळ केली. "नागपूरच्या ट्रंकवालीनं नाव विचारलं. मी उठलो. रोजची सवय. तोंड नेलं माउथपीसपाशी. तर बाईनं मले हातानं मागं सारलं."

शंकरने हात मागे सारून दाखवला.

"तिनं घेतलं. पुरं नाव घेतलं, तुमच्या वडिलाच्या नावासकट, आडनावासकट. मंग काटोलवाल्यानं विचारलं. त्याले ऐकू येईना. तिनं पुन्हा घेतलं, मोठ्यानं. मंग सावनेरवाल्यानं विचारलं. बाबूजी, रस्त्यावर ऐकू गेलं असंल. साहेब केबिनातून बाहेर आले. 'मला कोण हाक मारते?' म्हणाले. कोणी हसलं नाही."

"मग मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"बाईनं हात जोडले न साऱ्यायले. साहेबालेही."

मी पाणी आणायला उठलो. माठापाशी उभा राहिलो. परत आलो तेव्हा ग्लास हातात नव्हता. दाराशी चपला घालताना गुलाबराव म्हणाला, "जीप रिकामी होती म्हणून बरं. ड्रायव्हर उडी मारून वाचला."

मंडळी गेली. माझ्या बाजूचं मी त्यांना सांगितलं नाही. ते फार नाहीच.

मी बापूरावांच्या टेबलावर बिलं पसरून बसलो होतो. जीपचं मला अजून काही माहीत नव्हतं. फोन वाजला. बापूरावांनी उचलला, ऐकत राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग रिसीव्हर पुढे केला. "घ्या. तुमचाच आहे."

मी "हॅलो" म्हणालो. नुसती खरखर. खरखरीच्या मागे कोणीतरी श्वास घेत होतं. मग आवाज आला.

"बिलं आहेत का लाइनवर?"

"आहेत," मी म्हणालो.

"डबा खाल्ला का?"

"खाल्ला."

"भाजी खारट झाली होती न?"

"थोडी."

"मग सांगायचं न," ती म्हणाली, आणि खुंटी काढली.