कारा, कराड नव्हे
खजुराचा खोका उघडला की त्या चिकट, गोड वासाबरोबर मला अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधलं माझं पहिलं हळदीकुंकू आठवतं. एका काकूंनी विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?" मी वाढले सौदीत, हुफूफ या वाळवंटातल्या शहराबाहेर, खजुरीच्या बागांमधल्या खेड्यात, तिथे पाटाचं पाणी कोमट आणि टेकडीतल्या गुहा थंडगार. "कारा," मी हळूच म्हणाले. "कराड? अगंबाई, म्हणजे आमचीच की तू!" त्यांनी मला मिठीच मारली. "नाही काकू, कारा," हे त्यांच्या पैठणीतच विरलं, आणि मी सगळ्यांची कराडकरीण झाले. कराड मी पाहिलेलंही नाही. परवा त्याच काकूंपुढे मी मुद्दाम आमच्या काराचा खजूर ठेवला. "असला कराडला कुठला मिळायला, नाही का गं?" त्या म्हणाल्या. मी एक खजूर तोंडात कोंबला आणि चावत राहिले.