कॅसिनोवाल्याला घातलेली शाल

अन्याय माझ्या मावशीवर झाला. सप्टेंबरात, लेबर डेच्या लाँग वीकेंडला, शनिवारी दुपारी, तळ्याकाठी तिच्याच अंगणात, पंगतीत मसालेभात दुसऱ्यांदा फिरत असताना. करणारे सगळे आपलेच होते.

मावशी सख्खी नाही. इथे अमेरिकेत, अल्फारेटा गावात आमच्या शेजारी राहायची म्हणून मावशी. काका गेल्यावर तिने तिथलं मोठं घर विकलं आणि दोन तासांवर, राज्याची हद्द ओलांडून, डोंगरातल्या या तळ्याकाठी छोटंसं घर घेतलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. ती नागपूरची, तिने कोणाचं ऐकलं नाही. "निवांत राहीन ना मी तिथं. तुमचं काय जाते?" मग तिच्याकडे येऊन येऊन आमच्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांना तळं आवडलं आणि त्यांनीही तिथे केबिन घेतल्या. शनिवार-रविवारी राहायचं, एरवी भाड्याने द्यायचं. बारा महिने राहणारी मात्र ती एकटीच.

तळ्याच्या पलीकडच्या वळणावर एका कंपनीला कॅसिनो बांधायचा आहे. ती जमीन घरांसाठी राखीव आहे, म्हणून काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारने, आधी तिचा वापर बदलून द्यायला हवा. तिकडे जायला रस्ता एकच, मावशीच्या दारावरून जाणारा. तो चौपदरी झाला की तिचं पुढचं अंगण जाणार आणि व्हरांड्याच्या पायरीला ट्रक घासून जाणार. या सगळ्या भानगडीत मला कळलेली आणि महत्त्वाची वाटलेली गोष्ट एवढीच.

तर त्या शनिवारी मंडळाची वार्षिक सहल मावशीकडे होती. कंपनीचा माणूस दारोदार माहितीपत्रकं वाटत फिरत होता, तो फाटकाशी आला. पोलो शर्ट, छान हसू. मी पुढे होऊन विचारलं, "पार्किंग किती मजल्यांचं आहे? या रस्त्याचं काय करणार?" तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मंडळाचे अध्यक्षकाका मागून आले.

"अगं, उन्हातून आलाय बिचारा. आधी जेवू दे. तुझी चळवळ नंतर."

"काका, हा कॅसिनोवाला आहे."

"असू दे. दारात आलेला माणूस आहे."

झालं. त्याला पंगतीत बसवलं. जिलबी वाढली. तो "नो, नो" म्हणाला की आपल्याला चेवच येतो, हे त्या बापड्याला कुठे ठाऊक! "लाजतोय गं, आणखी दोन वाढ!" त्याने मठ्ठा पिऊन "अमेझिंग" म्हटलं आणि अख्खी पंगत विरघळली. मी पुन्हा रस्त्याचं काढलं तर दूरच्या अर्विंगहून आपल्या केबिनवर सुट्टीला आलेला एक दादा मलाच म्हणाला, "यार, जेवताना नको ना. आणि कॅसिनो आला तर केबिनची किंमत कुठे जाईल, विचार कर की."

इथपर्यंतही मी सहन केलं असतं. पण आपल्या मंडळांना एक रोग आहे. माईकसमोर कोणी अनोळखी माणूस दिसला की तो प्रमुख पाहुणा होतो. अध्यक्षकाकांच्या गाडीच्या डिकीत शाल आणि नारळ कायम असतात. खोटं वाटत असेल तर कुठल्याही मंडळाच्या अध्यक्षांची डिकी उघडून बघा. जेवणं झाल्यावर काकांनी माईक घेतला, "आपले आजचे विशेष अतिथी" म्हणाले, आणि सत्कार ज्येष्ठ व्यक्तीच्या हस्ते हवा म्हणून मावशीला पुढे ढकललं.

"अहो, मी कशाला? मला नाव पण माहीत नाही त्याचं."

"घाला हो शाल. दोन सेकंदांचं काम."

तिने घातली. सगळे मागे उभे राहिले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. काही फोटो त्या माणसाने स्वतःच्या फोनवरही काढून घेतले.

कंपनीच्या पुढच्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर तो फोटो होता. मावशी हसत त्याला शाल घालते आहे, मागे आपली सगळी जनता, आणि खाली छापलं होतं की तळ्याकाठची कुटुंबं आमचं स्वागत करताहेत. गावातल्या प्रत्येक टपालपेटीत ते पडलं. बोटी दुरुस्त करणारे शेजारचे आजोबा दर पानगळीला मावशीचा ड्राइव्हवे झाडून द्यायचे. तेही या प्रकल्पाविरुद्ध उभे आहेत. या वेळी त्यांनी पानं झाडली नाहीत. मावशी विचारायला गेली तर त्यांनी नुसतं पत्रक तिच्यापुढे धरलं.

मी अध्यक्षकाकांना फोन केला. ते म्हणाले, "फोटोच तर आहे. एवढं काय त्यात?" मी म्हटलं, मग तुमचा खुलासा छापून वाटू या, मजकूर मी लिहिते. ते म्हणाले, "बघू."

बघू! आपल्या भाषेत याचा अर्थ नाही असा होतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

काउंटीच्या सुनावणीत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं देतात. मावशीने चांगली तयारी केली होती. मी रहदारी आणि सांडपाण्यावर लिहून दिलेलं तिने बाजूला ठेवलं. उभी राहिली आणि साध्या इंग्रजीत म्हणाली, मी इथे राहते, माझं दुसरं घर नाही, माझं अंगण घेऊ नका. मग समोर बसलेल्या काउंटीच्या एका कमिशनरने पत्रक उचललं. "मॅडम, हा फोटो तुमचाच ना?"

"हो, माझाच."

मग तिचा उरलेला सगळा वेळ शाल म्हणजे काय हे समजावण्यात गेली. पाहुण्याला मान म्हणून देतो, त्यात पाठिंबा नसतो, आम्ही कोणालाही देतो. "वी गिव्ह इट टू एव्हरीबडी," ती म्हणाली आणि सभागृह हसलं. तेवढ्यात तीन मिनिटं संपल्याचा लाल दिवा लागला.

आपल्या मंडळापैकी कोण आलं होतं? मी आणि माझी आई. बाकीच्यांचं काय? एकाचं ग्रीन कार्ड पेंडिंग. एकाच्या मॅनेजरची त्या कॅसिनो कंपनीत ओळख. एकीच्या मुलाची स्विमिंग मीट. आणि मनात सगळ्यांच्या एकच हिशोब, किंमत वाढेल. वाढेल की! पण किंमत वाढते ती विकणाऱ्याची. राहणाऱ्याचा फक्त टॅक्स वाढतो. आणि वाढेल ती जमिनीची, घराची नव्हे. गावातल्या घरांच्या एजंटबाईंनी मावशीला तोंडावर सांगितलं, पुढे तुमचं घर कोणी राहायला घेणार नाही, पाडायला घेतील.

परतताना गाडीत मी चिडून काय काय बोलत होते. मावशी खिडकीबाहेर बघत होती. "कशाला शिव्या देऊन राहिली गं त्यांना? आपलीच माणसं आहेत ना."

"म्हणूनच," मी म्हटलं.

"मग त्यांना बोलाव ना. मला काय सांगतेस?"

म्हणून बोलावते आहे. काउंटीने निर्णय पुढे ढकलला आहे आणि मतदानाआधी आणखी एक सुनावणी ठेवली आहे. त्या फोटोत तुम्ही असाल, तर रजा टाका, गाडी काढा आणि या. ग्रीन कार्डची भीती खरी असेल तर तुमच्या घरातल्या नागरिकाला पाठवा, जन्माने अमेरिकन असलेल्या मुलीला पाठवा, पण पाठवा. उभे राहा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा की त्या फोटोतला मी, माझा या कॅसिनोला पाठिंबा नाही. आणि पाठिंबा असेल, तर तेही तिथेच, मावशीसमोर उभं राहून सांगा.

बघू म्हणू नका. येताय की नाही?