मोठा पंखा

तलासरीच्या शाळेत तो हस्तकला-शिक्षकाच्या जागेसाठी आला होता. निवड माझ्या हाती होती. दाखवायला आणलेलं त्याचं छोटं विमान तारेने बांधलेलं, खांबाभोवती उडे. जड बॅटरी जमिनीवर, वीज तारेतून. विमान उतरलं की तो इवलीशी मोटर गालाला लावून किती तापली ते बघे.

"फारच हळू हो," मी म्हणालो. "तुमच्या पेटीतला तो मोठा पंखा लावा."

"साहेब, या मोटरला तो झेपणार नाही."

"नोकरी हवीय ना?"

त्याने लावला. विमान सुसाट सुटलं, मुलांनी टाळ्या पिटल्या आणि मोटर जळली.

"यांना मोटरची पारख नाही," मी सगळ्यांदेखत म्हणालो. पारख त्याला होती, हे आज लिहितो आहे.

तो विमानाजवळ जाऊन बसला. सवयीने त्याने मोटर गालाला लावली, आणि बराच वेळ काढली नाही.