एकदम की एकेक: आमच्या खिडक्यांचा ठराव

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आर्वीतल्या आमच्या घराच्या सगळ्या खिडक्या एकाच दमात बदलण्यात येतील.

ही घोषणा मी गेल्या हिवाळ्यात, अंगात स्वेटर आणि हातात मापाची टेप घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केली. श्रोते दोन होते. बायको मेथी निवडत होती, आई तुरीच्या शेंगा सोलत होती. टाळ्या पडल्या नाहीत.

गावातल्या सत्कार समारंभांचं सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. त्यामुळे घरातही मला हातात माईक असल्यासारखंच वाटतं. पण खिडक्यांची अवस्था खरोखर वाईट होती. सागवानी पल्ले पावसाळ्यात फुगून लागत नसत आणि उन्हाळ्यात आकसून आपटत राहत. दोन पल्ल्यांना तर वाळवी लागली होती. बदलायच्या, यावर एकमत होतं. कशा बदलायच्या, यावर नव्हतं.

"एकेक करा न," बायको म्हणाली. "एक बसवा, तिचा एक उन्हाळा जाऊ द्या. मंग बाकीच्या."

"म्हणजे घराचा एक डोळा नवा आणि बाकीच्यांना मोतीबिंदू?"

"मोतीबिंदूवाले डॉक्टरबी दोन्ही डोळे एकदम नाई काढत. एक झाला का मंग दुसरा."

हे मी कामकाजातून वगळलं. धूळ एकदाच, मिस्त्री एकदाच, सगळीकडे एकच रंग, असे माझे मुद्दे मी बोटांवर मांडले. तेवढ्यात आईनं शेंगांतून मान वर केली.

"माह्या खोलीच्या खिडकीले नोको हात लावजो बाप्पा. मले तिथं..."

मी हात वर करून तिला थांबवलं. "आई, तुझ्या भावना मी समजू शकतो." मग जुन्या वस्तूंमध्ये माणसाचा जीव कसा अडकतो, बाबा त्या खिडकीत उभे राहून बाहेर कसे बघत असतील, यावर मी बरंच बोललो. वास्तविक बाबा फावल्या वेळात पानठेल्यावर असायचे. आईनं सगळं ऐकलं आणि पुढची शेंग घेतली. मी ती मूक संमती धरली.

अॅल्युमिनियमच्या दुकानदारानं मला फक्त रंग विचारला. पांढरा की तपकिरी, यात मी त्याची एक अख्खी दुपार खाल्ली. शेवटी पांढऱ्या, सरकत्या काचांच्या खिडक्या घरभर बसल्या. एका बोटानं सरकायच्या. हे एक बोट दाखवायला मी शेजाऱ्यांना चहाला बोलवायचो.

मग एप्रिल आला. आमच्याकडे एप्रिलमध्ये घरोघरी कूलर माळ्यावरून खाली निघतो. त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात आणि बाहेरून खिडकीत त्याचं तोंड बसवलं जातं. आमचा कूलर दरवर्षी आईच्या खिडकीत असतो. एसीनं तिचे गुडघे धरतात, म्हणून जेवण झालं की ती कूलरच्या हवेत चहापर्यंत झोपते. उन्हाळ्यातली तिची खरी झोप तेवढीच.

मी आणि बायकोनं कूलर उचलून खिडकीशी आणला. मी ऐटीत एका बोटानं काच सरकवली. अर्धी खिडकी उघडली. उलटीकडे सरकवली. दुसरी अर्धी उघडली. ही खिडकी जन्मभर अर्धीच उघडणार होती आणि कूलरचं तोंड होतं पूर्ण खिडकीचं. मी तो तिरका लावून पाहिला. मग टेप घेऊन घरातली प्रत्येक खिडकी मोजत फिरलो, जणू एखादीला माझी दया आली असेल. सगळ्या एकसारख्या होत्या. तोच तर माझा आग्रह होता.

"आई, तुमी तवाच काऊन नाई सांगतलं?" बायकोनं विचारलं.

"सांगूनच राह्यली होती. याचं भाषण सुरू झालं."

बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

पुढच्या दुपारी आई ओला पंचा डोक्यावर घेऊन बैठकीत बसून राहिली. टेबलफॅन तिच्यावर गरम हवा फेकत होता. डोळा लागायचा, पुन्हा उघडायचा. दोन-तीन दिवसांत तिचं बोलणं मंदावलं. ताटात अर्धी भाकर उरली, तेव्हा मात्र माझी सगळी ऐट उतरली. मी दुकानदाराला फोन केला. "भाऊ, आत्ताच्या आत्ता येजो."

त्यानं आईच्या खिडकीच्या दोन्ही काचा उचलून काढल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. कूलरचं तोंड आत गेलं. आजूबाजूच्या फटी बायकोनं पुठ्ठ्यानं आणि जुन्या लुगड्यानं बुजवल्या. कूलर घरघरला, खोलीत वाळ्याचा ओला वास पसरला. आई बाजेवर आडवी झाली. तिचा चेहरा हळूहळू सैल होताना पाहून मला इतकं बरं वाटलं, की चार शब्द बोलावेत म्हणून मी घसा खाकरला.

डोळे न उघडताच आई म्हणाली, "बाकीच्या कवा काढून राह्यला?"