फ्रिजमधली पुरचुंडी

लेक नर्स आहे, हिमाचलात बर्फाच्या गावी नोकरीला. आमच्या लातूरच्या अंगणातल्या गावठी गुलाबाचं कलम तिनं दोनदा नेलं, दोन्ही वेळा ते बर्फात मेलं. दुसऱ्या वेळी फोनवर रडलीच. "ड्युटीवरून खोलीवर आलं की आपल्या घराचा वासच नाही गं, आई." मग मी इरेला पेटले. बर्फ सोसणारं झाड आणि आमचा वास, दोन्ही एका रोपात आणायचंच.

सुट्टीवर येताना तिनं तिकडच्या रानगुलाबाचे पराग डबीत आणले. थंडीत आमचा गुलाब बहरला तेव्हा मी कामाला लागले. कळीच्या पाकळ्या खुडायच्या, आतले परागाचे केसर कापायचे, कुंचल्यानं रानगुलाबाचे पराग लावायचे आणि वरून कागदी पिशवी बांधायची. शेजारीण म्हणाली, "काकू, फुलांना कुंची घातली का?" म्हटलं, हस बाई.

बोंडं पिकली, वाटीभर बी निघालं. उगवण्याआधी या बियांना थंडी द्यावी लागते, म्हणून ओल्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ठेवलं. घरात सांगायचं तेवढं राहिलं आणि मी दोन दिवस बहिणीकडे नांदेडला गेले.

परतले तर यांनी मोठ्या कौतुकानं उसळ वाढली. "मटकी लई जुनी हाय गं. सहा शिट्ट्या दिल्या, शिजंनाच."

पहिल्याच घासाला दाताखाली कचकन आलं. मला कळून चुकलं. मी मुळात तापट, त्यातून लेकीचा गुलाब. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग हे हळूच म्हणाले, "समदी न्हाई घेतली. धान्याचं भांडं झाडून रिकामं करू न्हाई, आई म्हणायची. चिमूटभर ठिवलीय फडक्यात."

मी ताटावरून उठून फ्रिजकडे धावले. होत्या, पंधरा-वीस बिया होत्या.

त्यातल्या पाच उगवल्या. आमच्या उन्हाळ्यातून एकच रोप वाचलं, ते लेक घेऊन गेली. दोन हिवाळे ते बर्फाखाली गेलं आणि दोन्ही वेळा फुटून वर आलं.

यंदा जूनमध्ये तिचा फोन आला. "आई, फुललं!"

"वास?" मी विचारलं.

ती नाक ओढत म्हणाली, "तोच आहे गं. अगदी आपल्या अंगणातला. बाबांना सांग, फोडणीचा नाही येत."

त्या उसळीवर मी पहिल्यांदा हसले.