जड सामानाचा माणूस

माझा धाकटा भाऊ सामान हलवतो. लोकांची बिऱ्हाडं एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवायची हा त्याचा धंदा, आणि त्यातही जिन्यावरून न्यायचं जड सामान ही त्याची खासियत. कपाटाला पाठ लावायची, खांद्यांवरून पट्टा घ्यायचा आणि भिंतीला ओरखडा न पाडता चौथा मजला गाठायचा. एकदा त्याने लोखंडी तिजोरी अशी वर नेली तेव्हा घरमालकीण आ वासून बघत राहिली, पाणी विचारायचंही विसरली. ही गोष्ट त्याने मला निदान पन्नास वेळा ऐकवली आहे. फुशारकी मारताना त्याला कधी दम लागत नाही.

तर या पैलवानाचं दीड महिन्यापूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन महिने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भावजय कारखान्यात सकाळपाळी करते, तेव्हा याच्यावर नजर कोण ठेवणार? मी माझं शिलाई मशीन उचललं आणि त्यांच्याकडे राहायला आले. राखण अगदी चोख केली. त्याने पाण्याच्या बादलीकडे नुसतं पाहिलं तरी मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "दोन किलो! दोन किलो!" साखरेची दोन किलोची पिशवी ओट्यावर मुद्दाम समोर ठेवली होती, माप म्हणून. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याची मुलगी साडेचार वर्षांची. तिला आम्ही पुडी म्हणतो, कारण जन्मली तेव्हा तेवढीशीच होती. रोज संध्याकाळी बाप कामावरून यायच्या वेळी ती जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायची, आणि दिवसभर लोकांची कपाटं वाहून आलेला हा माणूस तिला खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचा. ऑपरेशननंतर ते बंद झालं. पहिल्या दिवशी ती खूप रडली. "बाबाला जड चालत नाही गं," मी समजावलं. दुसऱ्या दिवशी रडली नाही. मी भावजयीला म्हटलंसुद्धा, किती शहाणी पोर आहे बघ.

मग तिचं जेवण कमी झालं. चार घास खाल्ले की "पोट भरलं" म्हणून ताट सरकवायची. आम्ही लाडीगोडी लावली, दटावलं, जंतांचं औषध पाजलं. महिन्याभरात दीड किलो वजन उतरलं. दुखणं काही दिसत नाही, पण पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर दवाखान्यात ठेवून तपासण्या करू, असं मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भावजयीची पाचावर धारण बसली. भाऊ पुडीच्या ताटाशेजारी बसून राहायचा. आपण चोवीस तास घरात बसलोय, पोर डोळ्यांदेखत वाळतेय आणि आपल्याला कारण कळत नाही, हे त्याला टाक्यांपेक्षा जास्त दुखत होतं.

त्याच आठवड्यात त्याच्या डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं, हलका चढ असला तरी हरकत नाही म्हणाले. वस्तीच्या मागे एक बुटकी टेकडी आहे. "पुडीलाही न्या," भावजय म्हणाली, "चालून चालून भूक तरी लागेल." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. उकडलेली अंडी, पाव, केळी आणि पाण्याच्या बाटल्या यांची पिशवी अर्थातच माझ्या खांद्यावर.

तिजोरी घेऊन चार मजले चढणारा माणूस दर वीस पावलांवर थांबत होता. पुडी पुढे जायची, वळून बघायची.

"बाबा, दम लागला?"

"नाही गं. झाड बघतोय."

"तिथे झाडच नाहीये."

मी हसले, तोही हसला आणि लगेच पोटावर हात दाबून उभा राहिला. हसण्यावर डॉक्टरांनी काही मर्यादा घातली नव्हती, पण टाके कुणाचं ऐकतात?

अर्ध्या वाटेवर कमरेएवढा खडक आडवा होता. तो चढून जायचं. इथे आमचं घोडं अडलं. पुडी खडकाशी जाऊन उभी राहिली, तिने सवयीने दोन्ही हात वर केले, आणि मागे बाप आहे हे लक्षात येताच पटकन खाली घेतले. त्याने ते पाहिलं. मी पुढे होऊन तिला उचलून वर ठेवलं.

"आत्या, मी हलकी लागले?"

"अगदी कापूस!" मी म्हटलं.

तिचा चेहरा असा फुलला की महिन्याभरात आम्ही तो तसा पाहिला नव्हता. खडकाच्या कडेशी येऊन तिने बापाला विचारलं, "बाबा, अजून किती दिवस नाही जेवले की मी दोन किलोची होईन?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं आम्ही औषधं, डॉक्टर करत फिरलो आणि दुखणं माझ्याच तोंडातून रोज बाहेर पडत होतं. ती साखरेची पिशवी ती पोर रोज बघत होती.

भावाने तिच्या काखेत हात घातले.

"अरे, टाके!" मी ओरडले.

क्षणभर वाटलं, हा ऐकत नाही. मग त्याने हात काढले, खडकाला पाठ टेकून खाली बसला आणि रडला. लपवलंही नाही. पुडी घाबरून खडकावरून घसरत खाली आली आणि त्याच्याजवळ बसली.

"पुडे," नाक पुसत तो म्हणाला, "हलकं सामान असलं तर लोक मला बोलावतात का?"

तिने विचार केला. "नाही."

"मग कधी बोलावतात?"

"जड असलं की."

"हलकं काय, कुणीही उचलतं. आत्यासुद्धा. तू हलकी झालीस तर माझं काय काम? मला जड मुलगी पाहिजे. चांगली कपाटासारखी."

"पण तुला चालत नाही."

"आत्ता नाही चालत. बरं व्हायचं ते माझं काम, ते मी करीन. तू ते करायचं नाहीस. तू जेवायचंस."

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मोठी माणसं थापा मारतात, हे तिला झाडाच्या वेळीच कळलं होतं. मी तोंडाला कुलूप लावून अंडं सोललं आणि तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं. मग पाव घेतला, मग दुसरं अंडं. केळं खाताना तिचा घास बापाच्या नेहमीच्या घासाहून मोठा होता. तो नुसता तिच्याकडे बघत बसला होता, हातातला पाव तसाच.

शेवटचा घास गिळून तिने त्याचा पाव त्याच्या तोंडाकडे ढकलला.

"खा ना बाबा," ती म्हणाली. "लवकर बरा हो. मी आता जड व्हायला लागलेय."