बदलीचा माणूस

देवळाली प्रवरा गावच्या पार्थला आळशी म्हणायला त्याच्या घरात कुणाचीच हरकत नव्हती, खुद्द पार्थचीही नव्हती. कॉलेजात उन्हाळ्याच्या ट्रेनिंगसाठी परदेशाचं वारं सुटलं तेव्हा बाकीची पोरं पासपोर्टमागे धावली आणि हा 'करू की उद्या' म्हणत लोळत राहिला. नगरच्या त्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात त्याचे जिवाभावाचे म्हणावेत असे दोघंच. एक सुकन्या, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या भातशेतीवाल्याची मुलगी, तोंडाने फटकळ. दुसरा बजरंग, पाथर्डीच्या पलीकडचा, ऊसतोडीवर जगलेल्या आईबापाचा पोरगा. परीक्षा संपली आणि सुकन्या कॉलेजमार्फत दुबईच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर उभी राहिली. बजरंगने बाहेरचाच एक एजंट गाठला आणि थायलंडच्या रिसॉर्टमध्ये किचनचं काम मिळवलं. पार्थ घरी. पासपोर्ट येईपर्यंत वडिलांच्या उसाला पाणी धरायचं आणि बोलणी खायची, एवढंच त्याचं ट्रेनिंग.

जाण्यापूर्वी तिघांनी एक ठरवलं होतं. नगरला असताना रविवारी संध्याकाळी ते सावेडीतल्या एका टपरीवर चहा प्यायचे. तो चहा मोडायचा नाही. जो जिथे असेल तिथे त्याने कप हातात घेऊन व्हिडिओ कॉलवर बसायचं. दुबईतून सुकन्या मशीनचा चहा दाखवून नाक मुरडायची, पार्थच्या कपात घरच्या गाईचं दूध. बजरंगने पहिल्या रविवारी नारळाच्या झाडाखाली उभं राहून काचेच्या ग्लासातला बर्फाचा चहा दाखवला होता. थंड चहा पिणाऱ्याला टोळीत ठेवायचं की नाही यावर तिघं पोट धरून हसले होते.

मग ते झाड दिसेनासं झालं. बजरंगच्या मागे पांढरी भिंत आली आणि कायमची राहिली. काम बदललं म्हणाला, आता ऑफिसात, कॉम्प्युटरवर. कसलं ऑफिस, असं सुकन्याने विचारलं तर म्हणे कस्टमर सपोर्ट. कांदा कसा चिरतात हे दाखवल्याशिवाय ज्याचा दिवस जात नसे, तो पोरगा आता हातात नुसता रिकामा कप धरून बसायचा. विनोदावर हसायचा, पण जरा उशिरा, आणि हसण्याआधी एकदा उजवीकडे बघून. पार्थला ते खटकत होतं. पण खटकलेली गोष्ट बाजूला सारायची कला त्याला चांगली अवगत होती.

एक गोष्ट मात्र बजरंग दर वेळी न चुकता विचारायचा, पासपोर्टचं काय झालं. आधी पार्थला बरं वाटलं. मित्र इतक्या लांबून आपली काळजी करतो, आणि घरात तर काळजीच्या नावाने टोमणे. मग बजरंगने एकट्या पार्थला फोन करून सांगून टाकलं की इथे एक जागा आहे, तिकीट कंपनीच काढते, तू फक्त ये. पासपोर्ट आला त्या दिवशी पार्थने त्याचा फोटो तिघांच्या ग्रुपवर टाकला आणि पलीकडून लगेच उत्तर आलं, 'कुणाला दाखवू नको, सुकन्याला बी आत्ता सांगू नको, सरप्राइज देऊ.' पार्थला त्यातही गंमतच वाटली. फोटो सुकन्याने बघायच्या आत त्याने ग्रुपवरून काढून टाकला.

मित्राकडे जायचं तर त्याच्या आईला भेटून जावं, काही द्यायचं असेल तर न्यावं, ही त्याची आपली साधी समज. मोटारसायकल काढून तो पाथर्डीकडे निघाला. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस संपतो आणि कुसळं सुरू होतात. बजरंगच्या गावात त्या दिवसांत माणसं असतात, कारण कारखान्यांचे बॉयलर तेव्हा थंडावलेले असतात. त्याची आई छबूबाई पत्र्याच्या घरापुढे शेंगा फोडत बसली होती. नवरा वारल्यावरही तिने भावाच्या जोडीने काही हंगाम ऊस तोडला होता, आता मणके साथ देत नव्हते. पार्थला पाहून ती उठली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन चहा टाकला.

पार्थने सांगितलं की मावशी, मी बजरंगकडेच चाललोय. तिला ते ठाऊक होतं. एवढंच नाही, तिला पार्थपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"तू गेलास की माझं लेकरू सुटतं बघ," ती सहज म्हणाली. "तिथल्या मुकादमानं त्याला सांगितलंय, बदली माणूस दे अन् जा. बजरंग म्हनला, पार्थ येतोय."

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हंगामाच्या मध्येच एखाद्या कोयत्याला घरी जायचं झालं, तर टोळी आणणारा मुकादम म्हणतो, दुसरा कोयता आणून उभा कर, मग जा. त्याला बदली म्हणतात. हे पार्थला लहानपणापासून माहीत होतं, कारण दर वर्षी त्याच्या बांधावर हीच भाषा चालायची. पण कॉलेजात शिकलेल्या, टाय बांधून पदार्थांची फ्रेंच नावं घोकलेल्या मित्राच्या तोंडी ही भाषा, आणि त्यात आपलं नाव, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने हळूच विचारलं, त्याला तिथून येऊ देत नाहीत का?

"गेटाबाहेर सोडत न्हाईत म्हनं. पासपोर्ट त्यांच्यापाशी हाय. एकदा मारलं बी." मग त्याचा चेहरा बघून तिने घाईने समजूत घातली. "आता आमाला तरी कुठं सोडायचे, बाळा? हंगाम निघतोच. तू बी पुढं कुनाला तरी आनशील, अन् मोकळा व्हशील. त्यात काय नवं न्हाई."

तिच्या डोळ्यांत कपट नव्हतं. असतं तर पार्थला सोपं गेलं असतं, रागावून उठता आलं असतं. ती आयुष्यभर ज्या रीतीने जगली तीच रीत साता समुद्रापार निघाली, याचा उलट तिला धीर आला होता. बजरंगलाही आधी तसाच आला असणार. पासपोर्ट काढून घेतला तेव्हा दुसऱ्या एखाद्या पोराने आरडाओरडा केला असता. याला वाटलं असेल, मुकादम असाच असतो. छबूबाईने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बांधून दिला आणि पार्थने तो घेतला. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

घरी आल्यावर त्याने वडिलांना, रामहरीदादांना, नाव न घेता विचारून पाहिलं. दुसऱ्याच्या टोळीतला माणूस अडकला तर काय करायचं? दादा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, मुकादम आणि त्याची टोळी, आपण मध्ये पडायचं नाही. याच उत्तराची पार्थला सवय होती. तो शाळेत असताना पळून जाणारं एक जोडपं मुकादमाने पकडून पार्थच्या घरच्याच विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडलं होतं, तेव्हाही दादा हेच म्हणाले होते. बागायतदाराच्या घरात ही शिकवण दुधाबरोबर मिळते. तिच्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटत नाही, कारण ऊस वेळेवर जातो.

पार्थने ठरवलं, आपण जायचं नाही. इथवर तो शहाणाच होता. पुढे त्याने माती खाल्ली. सुकन्याला खरं सांगावं की नाही, यावर तो दोन दिवस घोटाळला. तिला सांगितलं तर ती गप्प बसणारी नाही. भर कॉलवर बजरंगला झाडेल, आणि त्याच्या उजवीकडे जो कोण बसतो तो ऐकेल. मग बजरंगची हाडं मोडतील. शिवाय बजरंगने आपल्याला विकायला काढलं होतं, हे तिच्याजवळ बोलायची त्याला स्वतःलाच लाज वाटत होती. तेव्हा त्याने सगळ्यांना सोयीचं असं खोटं शोधलं.

रविवारी तिघं कप घेऊन बसले. पार्थ म्हणाला, पोलीस चौकशीत काहीतरी अडलं, पासपोर्ट परत गेला, या वर्षी काही जमत नाही. सुकन्याने त्याच्या आळशीपणाचा यथेच्छ उद्धार केला. फोटोतला पासपोर्ट बजरंगने स्वतः पाहिला होता. तो उजवीकडे बघायचंही विसरला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "बरं झालं, लेका. घरीच राहा." आणि पार्थला भरून आलं. मित्र मित्रच राहिला, या आनंदात त्याने पुढचं नीट ऐकलं नाही. पुढे बजरंगने सुकन्याला विचारलं होतं की तुझं ट्रेनिंग कधी संपतंय.

पुढच्या रविवारी सुकन्या कॉलवर आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दोघंही आले नाहीत. पार्थ एकटाच कप धरून स्क्रीनवर स्वतःचं तोंड बघत बसला. चहावर साय धरली. बजरंगचा फोन बंद होता. सुकन्याचा मेसेज आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, विमानतळावरच्या फोटोसकट. ती पाठीवर सॅक लावून हसत होती.

'रागावू नकोस. बजरंगने तिकडे काम मिळवून दिलंय, दुबईहून थेट चाललेय. महिनाभर करते आणि मग दोघं मिळूनच घरी येतो. तुला आधी सांगणार होते, पण तो म्हणाला नको, पार्थचा पासपोर्ट झाला नाही, त्याला उगाच वाईट वाटेल. मलाही ते पटलं.'

पार्थने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मग जे आधी सांगायचं होतं ते सगळं एका दमात लिहिलं, पाठवलं, फोन लावत राहिला. मेसेजपुढे एकच टिक. ती विमानात बसली होती. तो रडत दादांकडे गेला आणि या वेळी नाव घेऊन बोलला. दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांनी ओळखीच्यांना फोन केले, पोलीस ठाण्यात जाऊन आले. सगळीकडून कळवतो, बघतो, असंच उत्तर मिळालं. एक टिक तशीच राहिली.

तिच्या घरी फोनवर हे सांगण्याची पार्थची छाती होईना. उद्या सकाळी भेटायला येतो, एवढंच त्याने सुकन्याच्या वडिलांना कळवलं आणि संगमनेरला गाडी बदलून अकोल्याच्या एसटीत बसला. लेकीच्या मित्राला डोंगरातलं घर सापडायचं नाही म्हणून ते स्टँडवर घ्यायला येणार होते. काय बोलायचं याची वाक्यं तो मनात जुळवत होता आणि ती पुन्हा पुन्हा मोडत होती. अकोलं जवळ आलं तेव्हा फोन वाजला. त्याने घाईघाईने उचलला. छबूबाई होती.

तिचा आवाज आनंदाने कापत होता. बजरंगचा फोन आला होता, त्याला सोडलं होतं, तो घरी यायला निघाला होता. तुझे उपकार कसे फेडू, असं काहीबाही ती बोलत राहिली, आणि तिथे जेवायला तरी नीट देतात का म्हणून विचारलं.

"मावशी," पार्थ म्हणाला, "मी गेलोच नाही. मी इथंच आहे."

तिने, त्या दिवशीसारखं सहज नाही, अगदी घाबरून विचारलं, "मंग बदली कोन गेलं?"

एसटी स्टँडात शिरत होती. खिडकीतून त्याला सुकन्याचे वडील दिसले, पांढरी टोपी नीट करत प्रत्येक उतरणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते.